कोणता सेट-टॉप बॉक्स घ्यावा : डीटीएच, फायबर आणि ओटीटीच्या स्पर्धेत ग्राहकासाठी मार्गदर्शन

सेट-टॉप बॉक्स बदलायची वेळ आली की बहुतेक घरांत पहिला प्रश्न महिन्याच्या रिचार्जचा निघतो. दहा वर्षांपूर्वी तेवढा प्रश्न पुरेसा होता, कारण छत्रीतून (डिश अँटेनातून) किंवा केबलमधून आलेला सिग्नल उलगडून वाहिनी पडद्यावर दाखवणे एवढेच बॉक्सचे काम होते आणि सर्वच कंपन्यांचे बॉक्स ते साधारण सारखे करत. आता त्याच बॉक्सवर नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, जिओहॉटस्टार, झी५ आणि सोनी लिव्ह उघडतात, आणि यांपैकी कोणते ॲप कोणत्या बॉक्सवर, किती चांगल्या चित्रासह आणि कोणाच्या खात्यावर चालणार, यावर कंपन्यांची स्पर्धा येऊन ठेपली आहे. या स्पर्धेचा ग्राहकाला लाभ होतो, यात शंका नाही. मात्र बॉक्स, इंटरनेट आणि ओटीटीची (म्हणजे इंटरनेटवरून कार्यक्रम दाखवणाऱ्या अशा ॲपची) वर्गणी या तीन वेगळ्या गोष्टी एकाच पॅकमध्ये बांधून विकल्या जात असल्यामुळे त्यांतली एक बदलायला गेले की तिन्ही विस्कटतात. म्हणून पुढे दिलेली सगळी पद्धत एकाच विचारावर आधारलेली आहे : या तिन्हींचा निर्णय वेगवेगळा करावा, आणि एकत्र घेणे स्वस्त पडत असेल तर पुन्हा सुट्या करता येतील अशाच रीतीने त्या घ्याव्यात.

स्पर्धा नेमकी कशासाठी आहे

ही पार्श्वभूमी माहीत असली तर विक्रेत्याच्या बोलण्यातले काय धरावे आणि काय सोडावे, हे ठरवणे सोपे जाते. भारतात खासगी डीटीएच सेवा, म्हणजे उपग्रहावरून थेट घरच्या छत्रीत वाहिन्या देणारी सेवा, डिश टीव्हीने २००३ मध्ये सुरू केली. २००६ मध्ये टाटा स्काय आली, जिचे नाव जानेवारी २०२२ पासून टाटा प्ले झाले, आणि २००८ मध्ये एअरटेल या व्यवसायात उतरली. बॉक्सवर इंटरनेट आणण्याची चढाओढ त्यानंतर बऱ्याच काळाने सुरू झाली. एअरटेलने एप्रिल २०१७ मध्ये अँड्रॉइड टीव्हीवर चालणारा बॉक्स बाजारात आणला. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओफायबरची व्यावसायिक सेवा स्वतःच्या सेट-टॉप बॉक्ससह सुरू झाली, आणि त्याच महिन्यात एअरटेलने एक्स्ट्रीम बॉक्स काढला. टाटा स्कायने त्याच वर्षी ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकच्या आधाराने बिंज ही अनेक ओटीटी एकत्र दाखवणारी सेवा सुरू केली आणि जानेवारी २०२० मध्ये बिंज प्लस हा अँड्रॉइड बॉक्स आणला. डिश टीव्ही आणि तिच्यात विलीन झालेली डी२एच यांनीही अशी साधने काढली.

ही घाई समजण्यासारखी होती. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या आकडेवारीत डीटीएचचे सक्रिय ग्राहक एके काळी ७ कोटींच्या वर होते. मार्च २०२५ पर्यंत ते ६ कोटींच्या खाली आले. एका बाजूने दूरदर्शनची फ्री डिश मासिक शुल्काशिवाय वाहिन्या देते, तर दुसऱ्या बाजूने फायबर कंपन्या इंटरनेटबरोबर वाहिन्या आणि ओटीटी दोन्ही देतात. डीटीएच कंपन्यांना सरकारला परवाना शुल्क भरावे लागते, ओटीटीला ते लागत नाही, आणि या असमानतेबद्दल त्या सतत तक्रार करत आल्या आहेत. एअरटेल आणि टाटा प्ले यांचा डीटीएच व्यवसाय एकत्र करण्याची बोलणी फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाली आणि मे महिन्यात थांबली. मधल्या मार्च महिन्यातच एअरटेलने फायबरवरून वाहिन्या देणारी आयपीटीव्ही सेवा सुरू केली होती, म्हणजे छत्रीच्या व्यवसायातली एक मोठी कंपनी स्वतःच छत्रीविना टीव्ही विकू लागली.

यातून ग्राहकाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. जी कंपनी बॉक्स देते तीच किंवा तिची भगिनी कंपनी कार्यक्रमांचीही मालक असेल, तर प्रतिस्पर्ध्याचे ॲप आपल्या बॉक्सवर येऊ देण्यात तिला फारशी उत्सुकता नसते. ब्रिटनमध्ये व्हर्जिन मीडियाने २०१३ मध्येच आपल्या बॉक्सवर नेटफ्लिक्स आणले, पण स्वतःच्या चित्रपट आणि क्रीडा वाहिन्यांवर उभ्या असलेल्या स्काय या कंपनीने ते २०१८ पर्यंत आणले नाही. आपल्याकडे जिओहॉटस्टार चालवणाऱ्या जिओस्टार कंपनीत रिलायन्सचा मोठा वाटा आहे आणि हॅथवे, डेन या केबल कंपन्यांचे नियंत्रणही त्याच समूहाकडे आहे. तरीही जिओहॉटस्टार प्रतिस्पर्ध्यांच्या बॉक्सवर मिळते, कारण जाहिरातींवर चालणाऱ्या ॲपला जास्तीत जास्त घरे हवी असतात. अशा तडजोडी कायमच्या नसतात. टाटा स्काय आणि नेटफ्लिक्स यांचा करार २०१८ मध्ये जाहीर झाला होता, पण नेटफ्लिक्ससह जोड-पॅक ग्राहकांपुढे आले जानेवारी २०२२ मध्ये. त्यामुळे ‘ते ॲप लवकरच येणार आहे’ असे कोणी सांगितले तर त्या भरवशावर बॉक्स घेऊ नये. आज जे चालते तेवढ्याचेच पैसे द्यावेत.

आधी घरातली यादी करावी

कंपन्यांची माहितीपत्रके पाहण्याआधी घरात कोण काय पाहते आणि कसे पाहते, हे कागदावर लिहून काढावे. ‘कसे’ हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. ज्येष्ठ मंडळी संध्याकाळी ठरलेल्या वेळी रिमोटवर वाहिनीचा क्रमांक दाबून मालिका लावत असतील, तर त्यांना वाहिनी हवी आहे. तीच मालिका कोणी रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी पाहत असेल, तर त्याला ॲप पुरेसे आहे. घरात दोन्ही प्रकारचे प्रेक्षक असतील तर दोन्ही घ्यावे लागेल, पण एकाच प्रकारचे असतील तर अर्धा खर्च वाचू शकतो.

मराठी घरासाठी हा हिशेब बराच सोपा आहे. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या दोन्ही वाहिन्यांचे कार्यक्रम आता जिओहॉटस्टारवर असतात, झी मराठीचे झी५ वर आणि सोनी मराठीचे सोनी लिव्हवर. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू केलेल्या वेव्हज या ॲपवर दूरदर्शनच्या वाहिन्या पाहता येतात. म्हणजे चार वाहिन्यांच्या मालिका ॲपवरून पाहायच्या तर तीन ॲप लागतात, आणि प्रत्येकाची वर्गणी निराळी असते. त्यातच काही मालिकांचे भाग वर्गणीदारांना टीव्हीच्या आधी दाखवले जातात आणि विनामूल्य पाहणाऱ्यांना थांबावे लागते, म्हणून ‘ॲप फुकट आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. आपल्या घरातली मालिका त्या फुकट भागात केव्हा येते, हे फोनवर एकदा पडताळून पाहावे.

क्रिकेट आणि परदेशी मालिका यांच्या बाबतीत आणखी सावध राहावे, कारण त्यांचे हक्क एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जातात. आयपीएल २०२२ पर्यंत हॉटस्टारवर दिसे. २०२३ मध्ये ती जिओसिनेमावर गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही ॲप एक होऊन जिओहॉटस्टार झाले तेव्हा ती तिथे आली. एचबीओ या अमेरिकी वाहिनीच्या मालिका मार्च २०२३ च्या अखेरीस हॉटस्टारवरून गेल्या आणि मे महिन्यात जिओसिनेमावर आल्या. ज्यांनी केवळ त्यांच्यासाठी वर्षाची वर्गणी एकदम भरली होती, त्यांना मुदत शिल्लक असताना दुसरीकडे पैसे भरावे लागले. एकाच स्पर्धेसाठी किंवा एकाच मालिकेसाठी ॲप घ्यायचे असेल, तर वार्षिक वर्गणी कितीही स्वस्त दिसली तरी कमीत कमी मुदतीची घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

वाहिन्या कोणत्या वाटेने घरात येणार

छत्री, केबल आणि फायबर या तीन वाटा आहेत, आणि घर कुठे आहे यावर निवड बरीच अवलंबून असते.

छत्रीला आकाशाची मोकळी बाजू लागते, आणि ती बाजू प्रत्येक कंपनीसाठी वेगळी असते, ही गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर आहेत. मुंबईहून पाहिले तर ते दक्षिणेच्या थोडे पूर्वेकडे आणि क्षितिजापासून सुमारे ६५ अंश उंच येतात. एअरटेलचा उपग्रह १०८.२ अंश पूर्व रेखांशावर असल्याने छत्री बरीच पूर्वेकडे वळवावी लागते आणि उंची सुमारे ४४ अंशच भरते. त्यामुळे अंगणाच्या पूर्वेला माडांची रांग किंवा शेजारची उंच इमारत असेल, तर एका कंपनीचा सिग्नल मिळतो आणि दुसरीचा मिळत नाही. ज्या फ्लॅटच्या सर्व खिडक्या उत्तरेकडे आहेत आणि गच्चीवर छत्री लावायला सोसायटीची परवानगी नाही, तिथे छत्रीचा विचार सोडून द्यावा. मुसळधार पावसात छत्रीचा सिग्नल जातो, हे कोकणात आणि घाटमाथ्यावर सर्वांना ठाऊक आहे. चांगली बसवलेली, गंज न चढलेली आणि नेमकी वळवलेली छत्री हा खंड कमी करते, पण पूर्णपणे टाळू शकत नाही.

फायबरवर पावसाचा तसा परिणाम होत नाही, पण वीज गेली की राउटर बंद पडतो, आणि राउटरबरोबर वाहिन्या, ॲप व घरातले सारे इंटरनेट एकदम जाते. घरी टीव्हीपुरता इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि फायबरचे उपकरण त्याच जोडणीवर घ्यावे. रस्त्याच्या कामात फायबर तुटण्याचे प्रकार आपल्या भागात वारंवार होतात का आणि दुरुस्तीला किती वेळ लागतो, हे त्या कंपनीच्या प्रतिनिधीपेक्षा त्याच इमारतीतल्या जुन्या ग्राहकाला विचारावे.

केबल अनेक शहरांत अजूनही स्वस्त पडते, पण वाहिन्यांचे मालक आणि केबलचालक यांच्या भांडणाची झळ तिथे आधी लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या दरांचे करार न केलेल्या केबल कंपन्यांकडील स्टार, झी आणि सोनी यांच्या वाहिन्या अनेक दिवस बंद होत्या.

दूरदर्शनच्या फ्री डिशचा पर्याय मात्र हसण्यावारी नेऊ नये. छत्री आणि साध्या बॉक्सचा एकदाचा खर्च केला की पुढे मासिक शुल्क नाही. ज्या घरात बातम्या, सह्याद्री, जुने चित्रपट आणि भजने एवढेच लागते आणि बाकी सारे फोनवर किंवा स्मार्ट टीव्हीवर पाहिले जाते, तिथे फ्री डिश आणि एखादे ओटीटी ही जोडी सर्वांत कमी खर्चाची ठरते.

बॉक्स हातात आल्यावर काय तपासावे

घरातला टीव्ही अलीकडचा स्मार्ट टीव्ही असेल आणि त्यावर सर्व ॲप नीट चालत असतील, तर ओटीटीसाठी वेगळ्या बॉक्सची गरजच नाही. वाहिन्यांसाठी साधा बॉक्स घ्यावा आणि ॲप टीव्हीवरच उघडावेत. हा सल्ला फार साधा वाटेल, पण महागडा ‘स्मार्ट’ बॉक्स स्मार्ट टीव्हीला जोडून दोन रिमोट आणि दोन होम स्क्रीन सांभाळणारी घरे पुष्कळ आहेत. याउलट टीव्ही जुना, साधा किंवा इतका मंद असेल की ॲप उघडायला मिनिट लागते, तर ॲप असलेला बॉक्स किंवा स्टिक उपयोगी पडते.

असा बॉक्स घेताना पहिला प्रश्न ॲपच्या प्रमाणपत्राचा. नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ उच्च दर्जाचे चित्र त्याच उपकरणावर दाखवतात ज्याला वाइडव्हाइन एल१ ही सुरक्षा पातळी मिळालेली असते. एल३ पातळीच्या उपकरणावर तेच ॲप ४८० पी या साध्या दर्जावर थांबते, मग इंटरनेट कितीही वेगवान असो. नेटफ्लिक्स तर यापुढे जाऊन स्वतःची वेगळी मान्यताही मागते. ऑनलाइन बाजारात मिळणारे बेनामी अँड्रॉइड बॉक्स इथेच फसवे ठरतात : खोक्यावर ४के छापलेले असते, ॲप उघडतेही, आणि चित्र धूसर दिसते. मोठ्या कंपन्यांच्या बॉक्सवर हा प्रश्न सहसा येत नाही, पण आपल्याला हव्या असलेल्या प्रत्येक ॲपचे नाव घेऊन ‘हे या बॉक्सवर एचडीत चालते का’ असे विचारावे, आणि जोडणी करायला माणूस घरी आला की तो जाण्याआधी ते ॲप उघडून पाहावे.

दुसरा प्रश्न ॲप कुठून घेता येणार याचा. अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्हीच्या बॉक्सवर गूगलचे प्ले स्टोअर असते, त्यामुळे कंपनीने आधीपासून न दिलेले ॲपही पुढे घालता येते. जिओच्या बॉक्सवर जिओचे स्वतःचे ॲप दालन असते आणि त्यात जे आहे तेवढेच सहज मिळते. यात चांगले-वाईट ठरवण्यापेक्षा आपली यादी पुढे ठेवून तपासणे योग्य. स्मार्ट टीव्हीच्या बाजारातील गूगलच्या अटींबद्दल भारतीय स्पर्धा आयोगापुढे प्रकरण चालले आणि एप्रिल २०२५ मध्ये गूगलने २०.२४ कोटी रुपये भरून तडजोड केली. त्यानुसार अँड्रॉइड टीव्हीच्या उत्पादकांना प्ले स्टोअरचा परवाना सुटा घेण्याची मुभा मिळाली. ॲप दालनावरचे नियंत्रण या व्यवसायात किती मोलाचे आहे, हे त्यावरून दिसते.

तिसरा मुद्दा बॉक्सच्या वयाचा. अशा बऱ्याच बॉक्समध्ये २ जीबी रॅम आणि ८ जीबी साठवण असते, आणि पहिल्या वर्षी सुरळीत चालणारा बॉक्स तीन-चार वर्षांनी ॲप मोठे होत गेल्यामुळे अडखळू लागतो. अँड्रॉइडची आवृत्ती कोणती आणि अद्ययावत करण्याची सोय कधीपर्यंत, हे विचारावे. २०१९-२० मधला जुना बॉक्स ‘सवलतीत’ देऊ केला जात असेल तर तो नाकारावा. जुन्या टीव्हीला एचडीएमआय नसेल तर लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या तारांची जोडणी बॉक्सवर आहे का, तेही पाहावे. ४के चित्र हवे असेल तर टीव्हीचे जे एचडीएमआय तोंड एचडीसीपी २.२ ही नक्कल रोखणारी प्रणाली मानते त्यालाच बॉक्स जोडावा. अनेक टीव्हींवर एखाद-दुसरेच तोंड तसे असते.

इंटरनेटच्या वेगाबद्दल विनाकारण घाबरवले जाते. नेटफ्लिक्सच्या शिफारशीप्रमाणे १०८० पी चित्राला ५ एमबीपीएस आणि ४के चित्राला १५ एमबीपीएस पुरतात. म्हणजे ४० एमबीपीएसच्या साध्या प्लॅनवर दोन टीव्ही व्यवस्थित चालतात. चित्र अडत असेल तर दोष बहुधा वाय-फायचा असतो. राउटर आणि टीव्ही यांच्यामध्ये दोन भिंती असतील तर बॉक्सला लॅन केबल जोडावी, ते शक्य नसेल तर राउटर टीव्हीच्या जवळ आणून पाहावा. डेटाचा हिशेबही करता येतो : एचडीत तासाला सुमारे ३ जीबी आणि ४केमध्ये सुमारे ७ जीबी खर्च होतात. दिवसाला चार तास एचडी पाहणाऱ्या घराला महिन्याला ३६० जीबी लागतात. फायबरच्या नेहमीच्या मर्यादेत हे सहज बसते, पण मोबाइल हॉटस्पॉटवर टीव्ही चालवणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा.

रिमोटकडेही लक्ष द्यावे. त्यावरची ॲपच्या नावांची बटणे आणि बॉक्स सुरू होताच आपोआप लागणारी वाहिनी या जाहिरातीच्या जागा असतात. घराची सोय पाहून त्या ठरलेल्या नसतात. घरातल्या वयस्कर व्यक्तीला अंकांची बटणे असलेला रिमोट लागतो, आणि काही नव्या रिमोटवर अंकच नसतात. ही बाब छोटी वाटते, पण रोजच्या वापरात तिचा त्रास सर्वांत जास्त होतो.

पैशांचा हिशेब

तुलना नेहमी वर्षाच्या एकूण खर्चाची करावी, महिन्याच्या जाहिरातीतल्या आकड्याची नव्हे. त्यात बॉक्सची किंमत किंवा अनामत, जोडणीचे शुल्क, वाहिन्या, इंटरनेट, ओटीटी आणि १८ टक्के जीएसटी हे सर्व धरावे. फेब्रुवारी २०१९ च्या दररचनेपासून वाहिन्यांच्या बिलात नेटवर्क शुल्क (वाहिन्या घरापर्यंत पोचवण्याचे शुल्क) आणि वाहिन्यांची किंमत हे दोन भाग असतात. नेटवर्क शुल्कावर १३० रुपयांची मर्यादा होती. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती काढली, आणि जोडणीच्या शुल्कावरची मर्यादाही उठवली. म्हणून आता हे आकडे कंपनीगणिक बदलू शकतात आणि ते लेखी मागणे आवश्यक झाले आहे. सुट्या वाहिन्या घेण्याचा हक्क मात्र कायम आहे. शंभर वाहिन्यांच्या पॅकपेक्षा आठ-दहा वाहिन्या सुट्या निवडणे पुष्कळ घरांना स्वस्त पडते, फक्त कंपनीच्या ॲपमध्ये तो पर्याय शोधावा लागतो.

ओटीटी ‘मोफत’ असलेल्या पॅकमध्ये कोणत्या प्रकारची वर्गणी दिली आहे, हे न वाचता पैसे भरू नयेत. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर कमी केले तेव्हा मोबाइल योजना १४९ रुपयांना, मूळ योजना १९९ ला, मधली ४९९ ला आणि प्रीमियम ६४९ ला झाली. यांतली मोबाइल योजना टीव्हीवर चालतच नाही, १९९ च्या योजनेत एका वेळी एकच पडदा आणि ७२० पी चित्र मिळते, आणि ४के केवळ प्रीमियममध्ये असते. मोबाइलच्या रिचार्जबरोबर मिळणाऱ्या ओटीटी वर्गण्या पुष्कळदा अशा केवळ फोनपुरत्या असतात. त्यांच्या आधारावर टीव्हीची योजना आखली तर ऐन सामन्याच्या वेळी पंचाईत होते. घरात दोन टीव्ही असतील तर एका वेळी किती पडद्यांवर पाहता येते, हा आकडा रिचार्जच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा मानावा.

पॅकमध्ये वीस-पंचवीस ॲप असल्याची जाहिरात दिसली तर त्यांतली आपल्या यादीतली किती, तेवढेच मोजावे. तीन निघाली तर त्या तिघांची सुटी किंमत आणि पॅकची किंमत यांची तुलना करावी. उरलेल्या सर्व ॲपना हिशेबात शून्य किंमत द्यावी.

खाते कोणाच्या नावावर असावे

माझ्या दृष्टीने हा या विषयाचा गाभा आहे. कंपनीकडून ओटीटी दोन प्रकारे मिळते. एका प्रकारात कंपनी आपल्याला दुवा पाठवते, आपण आपल्या ईमेल किंवा मोबाइल क्रमांकाने ॲपमध्ये खाते उघडतो अथवा आधीचे खाते जोडतो, आणि पैसे मात्र कंपनीच्या बिलातून जातात. नेटफ्लिक्स बहुधा असे मिळते. पुढे पॅक बंद केला तरी खाते, प्रोफाइल, पाहिलेल्या भागांची नोंद आणि मुलांसाठी घातलेली बंधने आपल्याकडेच राहतात. फक्त पैसे भरण्याची नवी सोय करावी लागते. दुसऱ्या प्रकारात कंपनीचे स्वतःचे एक मोठे ॲप असते आणि त्यातच अनेक ओटीटींचे कार्यक्रम एका लॉगिनवर दिसतात. एकाच जागी शोधता येते, एकच बिल येते, आणि घरातल्या सर्वांना ते सोपे जाते. पण कंपनी सोडली की त्या ॲपमधले सारे तिथेच राहते, आणि मूळ ओटीटीवर आपले खाते मुळी नव्हतेच, असे लक्षात येते.

दोन्ही प्रकार वापरण्यासारखे आहेत. रोज लागणाऱ्या एक-दोन ॲपसाठी पहिला प्रकार निवडावा आणि अधूनमधून पाहायच्या ॲपसाठी दुसरा, ही विभागणी बहुतेक घरांना मानवेल. खाते उघडताना डीटीएच किंवा फायबरसाठी दिलेला क्रमांक डोळे मिटून वापरू नये. तो क्रमांक घरातल्या अशा व्यक्तीचा असावा जी ओटीपी लगेच देऊ शकेल. मुलगा पुण्यात किंवा परदेशात आणि टीव्ही सांगलीत, अशी स्थिती असेल तर प्रत्येक लॉगिनसाठी त्याच्या फोनची वाट पाहावी लागते. आधीपासून स्वतः भरत असलेली वर्गणी पॅकमध्ये पुन्हा आली, तर जुना ऑटोपे बंद केल्याची खात्री करावी. एकाच ॲपचे पैसे दोन वाटांनी जात राहणे ही गळती बँकेचे विवरण पाहिल्याशिवाय सापडत नाही.

तक्रार कुठे करावी

वाहिनी दिसत नाही, चुकीचे पैसे कापले गेले, बॉक्स बिघडला, या तक्रारी आधी कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राकडे नोंदवाव्यात आणि तक्रार क्रमांक घ्यावा. उत्तर समाधानकारक नसेल तर कंपनीच्याच नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या वरच्या अधिकाऱ्याकडे जावे. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, नियम करते. त्याच बॉक्सवरचे ओटीटी चालत नसेल तर स्थिती वेगळी आहे. ओटीटी ही टीव्ही वाहिनी नव्हे आणि ती ट्रायच्या कक्षेत येत नाही, असे प्राथमिक मत दूरसंचार न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२३ मध्ये व्यक्त केले होते. परिणामी पॅकमधल्या ओटीटीबद्दल डीटीएच कंपनी ॲपकडे आणि ॲप डीटीएच कंपनीकडे बोट दाखवते. अशा वेळी पैसे ज्याने घेतले त्याच्याकडेच सेवा मागावी, आणि दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी. खरेदीच्या दिवशीच्या जाहिरातीचा आणि पॅकच्या तपशिलाचा स्क्रीनशॉट ठेवलेला असेल, तर हे काम बरेच सोपे होते.

एका कंपनीकडून दुसरीकडे जाताना

एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीकडे चालत नाही. ट्रायने एप्रिल २०२० मध्ये सर्वांना चालेल असा बॉक्स अनिवार्य करण्याची शिफारस केली होती, पण ग्राहकाच्या हातात तो अजून आलेला नाही. मोबाइलप्रमाणे क्रमांक तोच ठेवून सेवा बदलण्याची सोय इथे नाही, म्हणून क्रम नीट पाळावा लागतो.

जुना रिचार्ज संपायला आठवडाभर असताना नवी जोडणी मागवावी आणि दोन्ही काही दिवस एकत्र चालू द्याव्यात. नव्या बॉक्सवर घरातल्या यादीतली प्रत्येक वाहिनी आणि प्रत्येक ॲप, शक्यतो संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी, उघडून पाहावे. त्यानंतर जुन्या कंपनीच्या बिलातून जाणाऱ्या ओटीटी खात्यांवर पैसे भरण्याची नवी सोय करावी, आणि कंपनीच्या मोठ्या ॲपमध्ये जे कार्यक्रम अर्धवट राहिले असतील त्यांची नावे लिहून ठेवावीत. मगच जुना ऑटोपे रद्द करावा आणि सेवा बंद करण्यास कंपनीला कळवावे; केवळ रिचार्ज न केल्याने काही फायबर योजना बंद होत नाहीत आणि थकबाकी वाढत राहते. शिल्लक रक्कम आणि अनामत परत मिळण्याची मागणी लेखी द्यावी. बॉक्स कंपनीच्या मालकीचा असेल तर तो परत करण्याआधी त्यावरील प्रत्येक ॲपमधून साइन आउट करून सेटिंगमधून बॉक्स मूळ स्थितीत आणावा, नेटफ्लिक्स आणि प्राइम यांच्या संकेतस्थळांवर जाऊन ते उपकरण यादीतून काढावे, आणि बॉक्स, रिमोट व अडॅप्टर तिन्ही मिळाल्याची पावती नेणाऱ्या माणसाकडून घ्यावी.